डाव्या पंखावरचं ठिगळ

गेल्या रविवारी जुन्या नाशकात सलीमचाचांच्या घरी गेलो होतो... माफी मागायला.

झालं असं, की आमच्या मॉडेलवाल्यांच्या ग्रुपवर मी सातपूरच्या एका बंद पडलेल्या छोट्या कंपनीचा इतिहास लिहितोय. आधी कंगवे आणि साबणाच्या डब्या बनवायचे. मग मालकाच्या डोक्यात खूळ शिरलं आणि सुटे भाग जोडून बनवायच्या प्लॅस्टिकच्या विमानांची किट्स निघाली. बाहेरची किट्स आली तसा कारभार आटोपला.

त्यात मी मोठ्या ऐटीत लिहिलं होतं, की यांच्या लढाऊ विमानाच्या डाव्या पंखावर एक जादा चौकोन आहे, साचा बनवणाऱ्याचा निष्काळजीपणा. दोन दिवसांनी चाचांच्या मुलीचा, रुबिनाताईंचा मेसेज आला. तो साचा त्यांच्या अब्बांनी केलेला... आणि पोस्ट ऐकल्यापासून ते नीट जेवले नव्हते.

चाचा ओझरच्या विमान कारखान्यात फिटर होते, साचे निवृत्तीनंतर केले. मापं घेतली ती सेवेतून काढलेल्या एका खऱ्या विमानावरून. त्याच्या डाव्या पंखावर पत्र्याचं ठिगळ होतं, पूर्वी कधीतरी चाचांनीच रिव्हेट मारून बसवलेलं. मालक म्हणाले, साच्यातून ते काढून टाका. चाचांनी ऐकलं नाही.

"जहाज जसं होतं, तसंच बनवलं ना बेटा," चाचा म्हणाले. विमानाला ते जहाजच म्हणतात. "दुरुस्ती झाली होती, ती लपवायची कशाला?"

मी माफी मागितली. त्यांनी हात पुढे केला, जहाज दे म्हणाले. त्यांना आता दिसत नाही आणि घरात एकही किट उरलेलं नाही, म्हणून ताईंनी मला माझं मॉडेल आणायला सांगितलं होतं.

त्यांचं बोट डाव्या पंखावरून टोकापर्यंत गेलं, परत आलं... पुन्हा गेलं. जोडताना तो चौकोन मीच पॉलिश पेपरने घासून सपाट केला होता. शेवटी सांगून टाकलं.

चाचा पंखावर अंगठा फिरवून म्हणाले, "हात साफ आहे तुझा. कुठंच लागत नाही."

पोस्ट दुरुस्त केलीय. पंख मात्र माझ्याच्याने दुरुस्त होणार नाही... कुणाच्या माळ्यावर त्या कंपनीचं न जोडलेलं किट पडलं असेल तर कळवा. मला नकोय, चाचांच्या हातात द्यायचंय.