शंभर युनिटांच्या आत

खांदा कॉलनीतल्या हायम आपटेकरांच्या घरी रिकाम्या खोलीत पंखा फिरताना कुणी पाहिलेला नाही. रसायनीच्या कारखान्यात बत्तीस वर्षं इलेक्ट्रिकल सुपरवायझर होते. निवृत्तीनंतर हाताखाली उरली ती बायको आणि घरातली अठरा बटणं. फ्रिजच्या दारात कागद अडकवून ते ओढून बघत, अलगद निघाला तर रबर बदलत. टीव्ही नुसता रिमोटने बंद करणारा माणूस त्यांच्या मते अर्धशिक्षित होता. सहा वर्षांत घरची वीज एकाही महिन्यात शंभर युनिटांच्या वर गेली नव्हती, आणि नव्या माणसाला हे पहिल्या दहा मिनिटांत कळे.

बायकोला, मझलला, त्या शंभराचं काडीचं कौतुक नव्हतं. दोन वर्षांपूर्वी इस्रायलहून मुलगी आली, आईला घामाने डबडबलेलं पाहिलं आणि बेडरूममध्ये एसी बसवून गेली. तिचं विमान उडालं आणि हायमनी नियम केला: सत्तावीसवर, जेवणानंतर, वीस मिनिटं.

"खोली एकदा गार झाली की गारवा टिकतो," ते म्हणत.

टिकत नसे. दाराखाली दोन बोटं फट होती आणि पश्चिमेची खिडकी दुपारभर तापे. फ्रिजचं रबर तपासणाऱ्याला या दोन्ही गोष्टी दिसल्या नव्हत्या. मझल मानेवर ओला पंचा टाकून रात्र काढी. वय सदुसष्ट.

यंदा मे महिना संपायला दोन दिवस उरले तेव्हा ब्याण्णव युनिटं झाली होती. वार शुक्रवार. हायम खुशीत होते. संध्याकाळी मझलने शब्बाथचा, म्हणजे ज्यूंच्या विश्रांतीच्या दिवसाचा, दिवा लावला, हायमनी मनुकांच्या शरबतावर प्रार्थना म्हटली, आणि सगळं शांत झाल्यावर बेडरूममधून घरघर ऐकू आली. एसी चालू होता. बावीसवर.

शब्बाथ लागला की दुसऱ्या संध्याकाळी आकाशात तीन तारे दिसेपर्यंत हायम कुठल्याही बटणाला बोट लावत नसत. मूळ गावी, आपट्याला, त्यांच्या आजोबांनी कंदिलाची वातसुद्धा खाली केली नव्हती.

"मझल, एसी चालू राहिलाय."

"हो."

"विसरलीस?"

"नाही," मझल म्हणाली आणि त्यांना भात वाढला.

आता सगळी आशा शेजारच्या मालूवर. ती दर शनिवारी सकाळी येऊन राहिलेले दिवे आपणहून मालवी. तिला सांगायचं मात्र नसतं. शब्बाथला दुसऱ्याकडूनही काम करून घ्यायचं नाही. हवेबद्दल बोललं तर चालतं, अशी हायमनी स्वतःची समजूत घालून घेतली होती.

"मालू, आत फारच गारठा झालाय गं," ते म्हणाले.

मालू आत गेली आणि पाय न वाजवता बाहेर आली. "काकू झोपल्यात. आमी नाय हात लावत."

"अकरा वाजलेत."

"म्हनूनच."

ती गेल्यावर हायमनी दार किलकिलं केलं. मझल गळ्यापर्यंत चादर ओढून कुशीवर झोपली होती. मे महिन्यात चादर. हिला असं गाढ झोपलेलं शेवटचं कधी पाहिलं, ते आठवू लागले. सहा वर्षांची युनिटं त्यांना महिन्यागणिक तोंडपाठ होती. हे काही केल्या आठवेना. त्यांना स्वतःची लाज वाटली. तिथेच उभे राहिले तेव्हा दाराखालून पावलांना गार वारा लागला, आणि ती फट त्यांना पहिल्यांदा दिसली.

महिना एकशे नऊवर संपला. रविवारी हायम बाजारातून रबराची पट्टी आणि जाड पडद्याचं कापड घेऊन आले. पट्टी दाराला खालून ठोकली, पडदा खिडकीला लावला.

पुढच्या शुक्रवारी दिवा लावायची वेळ झाली. मझल रिमोट शोधत बेडरूममध्ये गेली, तर एसी आधीच चालू होता. चोवीसवर. हायम पलंगाच्या कडेला बसून टोपी झटकत होते.

"अहो, शंभराच्या वर जाईल."

"जाईल."

मझल उंबऱ्यातच उभी राहिली.

"दार लावून घे," हायम म्हणाले. "गारवा बाहेर जातोय."