नुसतं उणे

आमच्या ह्यांना 'अंदाजे' हा शब्द चालत नाही. पाणी तपासायच्या प्रयोगशाळेचे साहेब ना! चहात साखर जरा जास्त झाली म्हटलं, तर विचारतात, जरा म्हणजे किती ग्रॅम? संसार केला मी अशा माणसाबरोबर, गंमत नाही.

हाताखालची एक पोरगी रिपोर्टात आकड्यापुढे 'अधिक-उणे इतकं' लिहायची. मोजताना इकडेतिकडे किती होऊ शकतं, ते सरळ सांगायची बिचारी. हे लाल पेनाने खोडायचे. आपण काय भाजी विकतोय, म्हणायचे, आकडा एकच असतो.

मग आमच्याच इमारतीच्या बोअरचं पाणी तपासायला गेलं. क्षार मर्यादेच्या केसभर वर निघाले. पोरगी म्हणाली, एवढा फरक यंत्रामुळेही पडतो, पुन्हा तपासू. ह्यांनी तिलाच झापलं आणि बोअर बंद करायला लावली. झालं! तेव्हापासून मी आणि तळमजल्यावरच्या डॉक्टरीणबाई टँकरपुढे बादल्या घेऊन उभ्या. साहेब वर बसून, पाणी अजून कसं आलं नाही म्हणून ओरडतात.

अशात ह्यांची निवृत्ती तोंडावर आली. मुदतवाढ हवी, तर तब्येतीचा दाखला हवा. जेवणानंतरच्या रक्तातल्या साखरेची मर्यादा एकशेचाळीस, ह्यांची निघाली एकशेत्रेचाळीस. आणि दाखला देणार कोण? तर ह्याच डॉक्टरीणबाई. अडला हरी म्हणतात तो असा.

मीही सोबत गेले. मुदतवाढ हुकली तर हा माणूस दिवसभर घरात बसून माझा चहा मोजणार होता.

हे घाम पुसत म्हणाले, यंत्राचं थोडं इकडेतिकडे धरा ना.

"धरते की," बाई म्हणाल्या. "अधिक-उणे पाच. म्हणजे एकशेअडतीस असेल, नाहीतर एकशेअठ्ठेचाळीस."

"अडतीस लिहा मग."

"आणि साहेब, ते अधिक कुणाच्या नावावर टाकू?"

बाईंनी शांतपणे सांगितलं, उद्या जेवून दोन तासांनी या, पुन्हा तपासू.

घरी आल्याआल्या ह्यांनी त्या पोरीला फोन लावला. मला वाटलं, आली एकदाची अक्कल, आता माफी मागतील, बोअरचं पाणी पुन्हा तपासायला सांगतील.

"अगं, ते अधिक-उणे असतं ना तुझं," हे आवाज खाली आणून विचारत होते, "त्यातलं नुसतं उणे लिहिलं तर चालतं का?"

खाली टँकर आला होता. मी बादली उचलली, आणि दुसरी ह्यांच्यापुढे ठेवली.