केबलच्या ऑफिसात विड्या

मुलांनो, तुमच्याकडे एक पडदा बंद पडला की दुसरा हातात असतोच. आमच्या गल्लीत मात्र गेल्या हिवाळ्यात तेलुगू वाहिन्या आठ दिवस बंद होत्या. ती हकीकत मी नीट क्रमाने सांगते, कारण तुमची आई फोनवर ती अर्धीच सांगते आणि हसत सुटते.

शेजारच्या अक्का तुम्हाला आठवत असतील. घरात तेलुगू, गल्लीत मराठी, आणि मांडीवर सूप घेऊन दिवसभर विड्या वळणे. त्यांच्या लेकीची लेक हैदराबादला असते. ती टीव्हीवरच्या मुलांच्या गाण्याच्या स्पर्धेत उतरली आणि एकेक फेरी पार करत शेवटच्या फेरीत पोचली. ती फेरी रविवारी संध्याकाळी होणार होती. अक्कांनी घरोघरी जाऊन सांगितले होते, हळदीकुंकवाला बोलवावे तसे.

आणि त्याच्या आदल्या आठवड्यात, शुक्रवारी सकाळी, पडदा निळा झाला. वर इंग्रजीत चार ओळी. अक्का मला हाताला धरून घेऊन गेल्या.

"टीचर, काय लिवलंय बघा की."

मी वाचून सांगितले. वाहिनीने दर वाढवले, केबल कंपनीला ते मान्य नाहीत, म्हणून वाहिनीने प्रक्षेपण थांबवले आहे. पण त्याच दिवशीच्या पेपरात वाहिनीची मोठी जाहिरात होती, की तुमच्या केबलवाल्यांनीच आम्हाला बंद केले, त्यांना जाब विचारा.

"म्हंजे बंद केलं कुणी?"

"दोघेही म्हणतात, दुसऱ्याने."

"आमच्या दोन्ही सुनांसारखंच," अक्का म्हणाल्या.

मोबाईलवर बघायचे ना, असे तुम्ही म्हणालच. मी माझ्या मोबाईलवर जुना भाग लावून दिला होता. अक्कांच्या डोळ्याचे ऑपरेशन नुकतेच झालेले. त्यांनी मोबाईल जवळ धरला, लांब धरला आणि परत दिला. "ह्यात पोरगी मुंगीएवढी दिसतीया. आन् गल्लीला काय रांगेत उभं करू?"

मग मी माझ्या पद्धतीने कामाला लागले. इंग्रजीत अर्ज, दोन प्रती, मुद्दे एक ते सात. गल्लीतला केबलवाला म्हणाला, "मावशी, माझ्या हातात काय हाय? मी नुसत्या वायरी वढतो. मेन ऑफिसला जावा." मेन ऑफिसात एका मुलीने अर्जावर शिक्का मारून प्रत परत दिली. मला फार समाधान वाटले. त्यानंतर चार दिवस काहीच झाले नाही. शुक्रवारी पुन्हा गेले, तर माझा अर्ज टेबलावर होता आणि त्यावर चहाचे तीन ग्लास.

घरी येऊन अक्कांना सांगितले. त्या विडीला दोरा गुंडाळत होत्या. "तुमचा कागद लई चांगला हाय, टीचर. पण कागद त्यांच्या टेबलावर बसतो. उद्या आपण बसू."

"तुमचा कामाचा दिवस बुडेल. शनिवारी कारखान्यात विड्या द्यायच्या असतात ना?"

"बुडतोय कशाला? काम संगं न्यायचं."

शनिवारी दहा वाजता आम्ही मेन ऑफिसात पोचलो. चौदा बायका, चौदा सुपे, पाने, तंबाखू, दोरे, आणि माझ्या पिशवीत सर्वांच्या नावांची यादी. कडक भाकरी आणि शेंगाची चटणी होतीच. बायका फरशीवर भिंतीला टेकून बसल्या आणि विड्या वळू लागल्या. घोषणा नाही, आरडाओरडा नाही. एसीची खोली, खिडक्या बंद. तासाभरात तंबाखूची पूड सगळीकडे पसरली आणि कर्मचारी आळीपाळीने शिंकू लागले.

मॅनेजर बाहेर आला. तिशीतला, टायवाला. "आज्जी, हे ऑफिस आहे."

"व्हय की," अक्का म्हणाल्या, "आमचं बी."

"सोमवारी मुंबईत मीटिंग आहे. त्यात ठरेल."

"आमची पोरगी रविवारी गाणार हाय. सोमवारी काय बघू, तुझं तोंड?"

चौदा जणी हसल्या. तोही हसला असता, पण त्याला शिंक आली. तो आत गेला. दार उघडेच होते, त्याचे फोनवरचे बोलणे ऐकू येत होते. "सर, चौदा लेडीज आहेत... नाही सर, ओरडत नाहीत. विड्या वळतायत... हो सर, विड्या. इथंच."

अक्कांनी मग आपला साधा फोन कानाला लावला आणि आत ऐकू जाईल अशा आवाजात मराठीत बोलल्या, "थांबा थांबा, लगेच येऊ नका. हितं जागा हाय का इचारते." नंतर मी विचारले तेव्हा कळले, पलीकडे कोणीच नव्हते.

दोनच्या सुमारास भिंतीवरचा निळा टीव्ही लुकलुकला आणि केसांच्या तेलाची तेलुगू जाहिरात लागली. त्या जाहिरातीला आम्ही टाळ्या वाजवल्या. मॅनेजरने येऊन सांगितले, तात्पुरता समझोता झाला आहे. मी म्हटले, लेखी द्या. त्याने दिले. समझोता आमच्यामुळे झाला की मुंबईतल्या साहेबांनी आधीच ठरवला होता, हे मला प्रामाणिकपणे सांगता येणार नाही. अक्कांना मात्र मुळीच शंका नाही. कारखान्यातही त्या वेळेवर पोचल्या.

रविवारी टीव्ही ओट्यावर आणला. गल्ली भरली, काही जण गच्चीच्या कठड्यावर बसले. मुलगी दुसरी आली. परीक्षकांविषयी अक्का जे बोलल्या ते मी लिहीत नाही. पण गाण्याआधी त्या पोरीने माईक धरला आणि थेट आमच्याकडे बघून विचारले, "अव्वा, चूस्तुन्नवा?" आजी, बघतेस ना?

अक्का सूप बाजूला सारून उभ्या राहिल्या आणि हैदराबादपर्यंत पोचेल अशा आवाजात पडद्याला म्हणाल्या, "चूस्तुन्नाने! समदी गल्ली बघतीया, गा तू!"