शेवडेकाकांची भीती

शेवडेकाका कुठल्याही धातूच्या वस्तूला पहिला हात लावायचे तो उलटा. तळवा नाही, बोटांची मागची बाजू. कारखान्यातली मोटर असो, घरातला फ्रिज असो, नाहीतर मंगला गौरीच्या देवळाजवळचा लोखंडी कठडा असो. आधी बोटांच्या पाठीने हलकेच शिवून बघायचं, मगच धरायचं. नोकरीच्या पहिल्या दिवशी मी त्यांच्या खोलीत गेले, तेव्हा माझ्यासाठी पुढे ओढलेली स्टीलची खुर्चीही त्यांनी अशीच तपासली. मला वाटलं, धूळ बघताहेत.

"धूळ नाही गं," ते म्हणाले. मी काही विचारलंही नव्हतं. "वीज असली ना, की हात आपोआप मिटतो. तळव्याने धरलंस तर मूठ सुटत नाही. उलट्या हाताने शिवलंस तर मिटता मिटता बाजूला होतो. खुर्चीत वीज नसते, ते मलाही ठाऊक आहे. पण हाताला सवय असलेली बरी."

कारखाना साबणाचा होता, गंगेच्या पलीकडे, रामनगरच्या पुढे. वडिलांची बँकेतून बनारसला बदली झाली होती. मी नुकतीच इंजिनीअर झाले होते आणि घरात बसून राहण्यापेक्षा मिळेल ती नोकरी धरली होती. शेवडेकाका तिथे विजेचं आणि उत्पादनाच्या वेळापत्रकाचं, दोन्ही कामं बघत. दूधविनायकाच्या गल्लीत त्यांच्या पिढ्या गेल्या होत्या. घरात सगळे वेदपाठी, हे पहिलेच इंजिनीअर. कारखान्यात मी त्यांना सर म्हणे आणि पूल ओलांडला की काका. त्यांच्या मराठीत बत्ती जायची, चाय यायची आणि कामगार सुट्टीवर नव्हे, छुट्टीवर जायचे. माझी मराठी ऐकून तेच हसायचे. "तू अडतीस म्हणतेस तेव्हा आधी डोळ्यांत इंग्रजी आकडा दिसतो, मग तोंडातून मराठी निघतो. घाई नाही. मी थांबतो."

वेळापत्रक मला त्यांनीच शिकवलं. साबणाचा लगदा मळायला एक मोठा मिक्सर होता: माणूस आत उतरू शकेल एवढी लोखंडी कढई आणि तिच्यात एकमेकींना घासून फिरणारी दोन वळलेली पाती. आधी पांढरा साबण, मग पिवळा, मग हिरवा, शेवटी लाल, असा क्रम ठेवला तर मधे फारसं धुवावं लागत नाही. लाल झाल्यावर पांढरा करायचा, तर मात्र कुणीतरी आत उतरून सगळं खरवडावं लागतं. ते काम लल्लनचं. लल्लन सडपातळ, बोलका, साबणावरून घसरत जाण्यात पटाईत. दुपारी वीज जायचीच. वीज गेली की लल्लन खरवडायची पट्टी घेऊन आत. मशीन बंदच आहे, तर वेळ का घालवा? सगळा कारखाना वर्षानुवर्षं असाच चालत आला होता, आणि त्यात धोका नव्हता. मोटर चालू करणाऱ्या जुन्या स्टार्टरची तऱ्हाच अशी होती, की वीज गेली की त्याची पकड सुटायची. वीज परत आली तरी कुणीतरी हिरवं बटण दाबेपर्यंत मोटर हलायची नाही.

तरीही काका मिक्सरजवळून जाताना अंतर ठेवून जायचे. कामगार एकमेकांना कोपराने ढोसत. "देखा, साहब फिर डर गये!"

"डर गया, भाई," काका शांतपणे म्हणायचे, "तुम भी थोड़ा डर लिया करो. मुफ्त है."

मी एकदा धीर करून विचारलं, की त्यांना कधी काही अपघात झाला होता का.

"नाही. का?"

"मग इतकी भीती..."

"त्याला कारण कशाला हवं? ती पाती बघितलीस ना? त्यांना लगदा आणि माणूस यातला फरक कळत नाही. एवढं पुरे आहे."

मग जुन्या स्टार्टरच्या जागी नवे ड्राइव्ह आले, मोटर चालवणाऱ्या इलेक्ट्रॉनिक पेट्या. त्यांच्यामुळे मोटरीचा वेग हवा तसा कमी-जास्त करता यायचा आणि मोटर एकदम झटक्याने सुरू व्हायची नाही. काका खूश झाले. "कशी गरीब गाईसारखी उठते बघ." पण बसवायला आलेल्या माणसाने त्यात एक सोय चालू करून ठेवली होती. वीज गेली आणि परत आली, की मोटर आपली आपण पुन्हा फिरू लागायची. बटण नाही, घंटा नाही. आमचे मॅनेजर त्रिपाठीजी या सोयीवर फार खूश होते, कारण दर वेळी मोटरी एकेक करून सुरू करण्यात जाणारा वेळ वाचत होता.

काका त्यांच्याकडे गेले. मी कागद धरून मागे उभी होते.

"मिक्सर की यह सेटिंग बंद करवाइए. अंदर आदमी जाता है."

"शेवडेजी, आप डरते बहुत हैं."

"डरने की ही तनख्वाह लेता हूँ."

त्रिपाठीजी हसले. सेटिंग राहिली. काकांनी मिक्सरची वीज तोडणाऱ्या मुख्य हँडलला कुलूप लावायला सुरुवात केली. हँडल खाली ओढायचं, कुलूप घालायचं, मगच लल्लनने उतरायचं. त्यात वेळ जातो म्हणून ते कुलूपही काढायला लावलं गेलं. त्याऐवजी 'सावधान' अशी पाटी आली. ती लवकरच साबणाच्या शिंतोड्यांनी माखली.

त्यानंतर वीज गेली की काका असतील तिथून उठून मिक्सरचं हँडल खाली ओढायला जायचे. हातातला चहा तसाच ठेवून जायचे. माझं टेबल शेडच्या काचेपलीकडे होतं. पंखा थांबला की काका मिक्सरपाशी दिसेपर्यंत मीही काचेतून बघत राहायची. लल्लनला हे सगळं गमतीचं वाटे. इतकी वर्षं वीज गेली की मशीन मेलेलं असायचं. त्याच्या अंगाला तेच माहीत होतं.

त्या दिवशी आम्ही दोघं बाहेरच्या पॅनेलरूममध्ये मीटर बघायला गेलो होतो. लाल साबण चालू होता. तो दिवसभर चालायचा होता. विक्री विभागाने मधेच पांढरा मागितला, हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. वीज गेली तसे काका निघाले. अंगण ओलांडून शेडच्या दारात आलो, तर मिक्सरशेजारी लल्लनच्या चपला होत्या आणि आतून खरवडण्याचा आवाज येत होता.

काका ओरडले नाहीत. त्याला हाक मारून, त्याने ऐकून, त्या बुळबुळीत कढईतून वर येईपर्यंत किती वेळ गेला असता, हे त्यांनी बहुधा धावता धावताच मोजलं. साठीला आलेला माणूस ओल्या फरशीवरून धावला, हँडलवर जवळजवळ पडला आणि ते खाली ओढलं.

शेडमधल्या ट्यूबलाइट फडफडल्या. पंखे फिरू लागले. पलीकडची पट्ट्याची मोटर, कापणीची मोटर, सगळ्या आपल्या आपण उठल्या, गरीब गाईसारख्या. मिक्सर तेवढा हलला नाही.

लल्लनने कढईतून डोकं वर काढलं. कपाळावर लाल साबण लागला होता. "साहब, बत्ती आ गई," तो म्हणाला, "बाकी सब चल पड़ा, ई मसीन काहे नहीं चली?"

"खराब है," काका म्हणाले.

त्यांची मूठ हँडलवरून सुटेना. मी त्यांची बोटं एकेक करून सोडवली. ती गार पडली होती. त्रिपाठीजींनी संध्याकाळी मिक्सर बंद राहिल्याबद्दल विचारलं, तेव्हा काकांनी पुन्हा सगळं सांगितलं. "लेकिन हुआ तो कुछ नहीं न?" त्रिपाठीजी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी काका आले नाहीत. नंतरही नाहीत. त्या दिवसांत मिक्सर खरवडायची वेळ आली नाही, एवढंच नशीब. मी दूधविनायकाला गेले, तर काकू दारातच म्हणाल्या, "झोपत नाहीत गं. गल्लीतली बत्ती गेली तरी उठून बसतात."

काका खिडकीपाशी होते. "मी राजीनामा देतोय," ते म्हणाले. "एवढ्या मोठ्या शेडला माझी एकट्याची भीती पुरत नाही."

"मग लल्लन?"

ते खिडकीबाहेर बघू लागले. "त्याला मी सांगितलंच नाही. खराब है म्हटलं. वाटलं, पोराबाळांचा माणूस आहे, ऐकून त्याचीही झोप जाईल." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "चुकलं माझं. आपण एकट्यानेच घाबरून उपयोग नसतो. तू सांग त्याला. मला नाही जमायचं."

मला तरी कुठे जमत होतं? चारचौघांत तोंड उघडायचं मी नेहमीच टाळत आले होते. पण दुसऱ्या दिवशी वीज जायच्या आत मी लल्लनला गाठलं. तो आधी हसला. "दीदी, आप भी डर गयीं?" मी सांगत राहिले: जुना स्टार्टर, नवा ड्राइव्ह, ते हँडल. हसू हळूहळू उतरलं. त्याने बंद मिक्सरकडे पाहिलं.

"कितनी देर थी, दीदी?"

"हैंडल नीचे आया और बत्ती आ गयी. बीच में कुछ नहीं था."

तो साबणाच्या पोत्यावर बसला. बराच वेळ आपले पाय बघत राहिला.

त्या दुपारी वीज गेली आणि लल्लन आत उतरला नाही. दुसऱ्याला पाठवलं, तोही उतरला नाही. लल्लनने त्याला सांगून ठेवलं होतं. संध्याकाळपर्यंत सगळ्या शेडला ठाऊक झालं. लाल साबण पात्यांवर वाळून कडक झाला आणि पांढऱ्याची ऑर्डर खोळंबली. शेवटी त्रिपाठीजींनी ती सेटिंग बंद करवली आणि कुलूपही परत आणवलं.

रविवारी लल्लन म्हणाला, साहेबांचं घर दाखवा. गल्लीत तो माझ्या मागे मागे चालत होता, अंगावर धुतलेला सदरा. मी कडी वाजवली. काकांनी दार उघडलं. माझ्या खांद्यावरून त्यांना लल्लन दिसला आणि त्यांचा चेहरा पांढराफटक पडला.

"मशीन के अंदर कौन है?" त्यांनी विचारलं.

"कोई नहीं, साहब," लल्लन म्हणाला. "ताला लगा है. हम तो आपसे मिलने आये हैं."

काकांनी माझ्याकडे पाहिलं. "खरंच कुणी नाही?"

"नाही, काका."

तरी ते तसेच उभे राहिले, दाराची चौकट धरून, लल्लनकडे वरपासून खालपर्यंत बघत. हात, पाय, पुन्हा हात.