ऐकणाऱ्यांची हजेरी लागत नाही

दिनांक ९ सप्टेंबर. कथा-कादंबऱ्या क्रमशः प्रसिद्ध करणाऱ्या एका ऑनलाइन लेखनमंचाने या दिवशी, कोणतीही पूर्वसूचना न देता, चार लेखकांनी एकमेकांच्या लेखनावर लिहिलेले सर्व अभिप्राय खोटे ठरवून पुसून टाकले. चौघांपैकी एकालाही आपले म्हणणे मांडू दिले नाही. ‘संगनमताने दिलेली बनावट दाद’ असे कारण लावले आणि प्रकरण हातावेगळे केले. हा अन्याय होता, आजही आहे, आणि तो कोठेतरी नोंदवून ठेवल्यावाचून पुढचे सांगणे प्रामाणिकपणाचे होणार नाही.

चौघांत वयाने आणि तोंडाने मोठी ती मोटार शिकवणारी. साहित्याच्या दोन पदव्या घेऊन तिने उमेदीची वर्षे महाविद्यालयांच्या दारात घालवली. प्रत्येक जागेवर कोणाचा तरी भाचा किंवा कोणाची तरी मेहुणी आधीच बसलेली असे. शेवटी तिने एका मोटार-शिकवणीच्या शाळेत शिकाऊ माणसाच्या शेजारची जागा पत्करली. त्या बाजूलाही एक ब्रेक असतो, शिकवणाऱ्याच्या पायाखाली. तो ती गाडीत वापरे आणि बोलण्यातही वापरे. समोरचा जरा भरधाव सुटला की एका शब्दात जागच्या जागी थांबवी. म्हणून सगळे तिला ब्रेकबाई म्हणत. तिला ते आवडत नसे, पण तिने कधी हरकतही घेतली नाही.

दोन पदव्यांचे जे कोणाला नको होते, ते तिने त्या मंचावर कादंबरीत ओतले. दर महिन्याला एक भाग. मंचावरची रीत ‘अहो रूपम् अहो ध्वनिः’ अशी. तू मला ‘अप्रतिम’ म्हण, मी तुला ‘निःशब्द’ म्हणतो. वाचायचे कष्ट दोघांनीही घ्यायचे नाहीत. या व्यवहारात ब्रेकबाई नवखी होती. तिने एका अनोळखी लेखिकेच्या पहिल्याच कथेवर भलामोठा अभिप्राय लिहिला, आणि त्यात नायिकेचा नवरा हा नवरा नसून कपाट आहे, कारण तो फक्त उघडतो आणि मिटतो, असे स्पष्टपणे नमूद केले.

तासाभरात उत्तर आले. ‘बाई, माझ्या घरी या. खराखुरा दाखवते. तो उघडतही नाही.’

ही टाचणी. कपड्यांच्या दुकानामागच्या खोलीत बसून ती लोकांचे कपडे सैल-घट्ट करी. तिच्यामागून आणखी दोघे जोडले गेले. एक लाँड्रीभाऊ, जो इस्पितळाच्या चादरी वाफेच्या रुळांखालून काढी आणि फावल्या वेळी भुताच्या गोष्टी लिही. दुसरे आचारीबुवा, एका मोठ्या कार्यालयाच्या कँटीनचे मुख्य. त्यांच्या कथांत कोणीही कधी जेवत नसे. “दिवसभर तेच बघतो, कागदावरसुद्धा कांदा चिरू का?” असे त्यांचे म्हणणे.

या तिघांची अडचण एकच होती. वाचायला डोळे होते, पण हात कधी रिकामे नसत. ब्रेकबाईला मात्र दुपारी दोन वाजता, एक शिकाऊ गेला आणि दुसरा यायचा असे, तेव्हा सरावाच्या मैदानाकडेला उभ्या गाडीत मोकळा वेळ मिळे. तेव्हा ती तिघांना एकत्र फोन लावी, मंचावरचे पान उघडे आणि मोठ्याने वाची. आज टाचणीची कथा, उद्या भाऊंची, परवा स्वतःची. तिकडे शिलाई यंत्राची टकटक, रुळांची फुसफुस, सोललेले बटाटे पातेल्यात पडण्याचा आवाज. संध्याकाळी हात पुसून जो तो आपापल्या फोनवरून अभिप्राय लिही.

आणि काय अभिप्राय! ब्रेकबाईच्या कादंबरीतले सासरे एका भांडणात रागाने गॅलरीत जातात. पुढचे तीन भाग त्यांचा पत्ताच नाही. त्यावर लाँड्रीभाऊंनी लिहिले: ‘सासरेबुवा अजून गॅलरीत उभे आहेत. थंडीचे दिवस आहेत. कोणीतरी त्यांना आत घ्या.’ ब्रेकबाईचे कान तापले. दोन पदव्यांना जे दिसले नाही, ते चादरींच्या वाफेत उभ्या असलेल्या माणसाला ऐकू आले होते. तिने चरफडत भाग दुरुस्त केला आणि सासऱ्यांना आत घेतले. आत आल्यावर त्या म्हाताऱ्याने अख्खी कादंबरी खांद्यावर घेतली. पुढे तो वारला तेव्हा टाचणीचे यंत्र थांबलेले सगळ्यांना फोनवर कळले.

मंचाच्या हिशेबात यातले काही नव्हते. मंच मोजत होता एकच गोष्ट: पान किती वेळ उघडे होते. वाचणाऱ्या ब्रेकबाईची वाचनवेळ भरघोस दिसे, तिघांची शून्य. पान न उघडता लांबलचक अभिप्राय देणारी माणसे म्हणजे लबाडच असणार, असा निष्कर्ष कोणा हुशार यंत्राने काढला. ज्या टोळ्या पान उघडे टाकून खुशाल अंघोळीला जात, त्यांच्या केसालाही धक्का लागला नाही. चोर सोडून संन्याशाला सुळी देणे म्हणतात ते हेच.

ब्रेकबाईची कादंबरी अडतिसाव्या भागावर गोठवण्यात आली. एकोणचाळिसावा, शेवटचा भाग लिहून तयार होता. सोबत निरोप आला: तिची स्वतःची वाचनवेळ निर्दोष असल्याने तिला सवलत मिळत आहे. उरलेल्या तिघांचे अभिप्राय बनावट होते, एवढे तिने वीस तारखेपर्यंत मान्य करावे. कादंबरी तत्काळ खुली होईल. तिघांच्या पानांवर मात्र ‘बनावट दाद देणारे’ असा कायमचा शेरा लागेल. मान्य न केल्यास कादंबरी सर्व भागांसह काढून टाकली जाईल.

तिने मंचाच्या कार्यालयाला फोन लावला. पलीकडे एक सौम्य आवाजाची बाई होती.

“मॅडम, त्या तिघांनी पान उघडलेलंच नाही.”

“उघडलं नाही, ऐकलं. मी वाचून दाखवलं.”

“ऐकलेलं आमच्याकडे दिसत नाही.”

“तुम्हाला दिसत नाही म्हणून झालंच नाही? मग ज्याला डोळे नाहीत त्या वाचकानं काय करायचं?”

“तशी तक्रार अजून कोणाची आलेली नाही, मॅडम.”

“बरं, पान उघडून माणूस झोपला तर?”

“पान उघडं असेल तर वाचनवेळ धरली जाते.”

“म्हणजे झोपलेला चालतो, जागा चालत नाही. वा!”

त्याच आठवड्यात एका गृहस्थांचा फोन आला. मंचावर ते दिवसाकाठी शंभर कथांखाली ‘निःशब्द!’ असे लिहीत, आणि प्रत्यक्षात त्यांच्या तोंडाला खीळ नव्हती.

“ताई, कशाला ताणता? मान्य करून टाका. आमच्या मंडळात या. शेवटच्या भागाला पन्नास अभिप्राय माझ्याकडून लागू! तुमची कादंबरी मी पहिल्यापासून वाचतोय, अगदी मनापासून.”

“असं? मग सासऱ्यांबद्दल काय वाटलं?”

“वा! काय माणूस! आता तब्येत बरी आहे ना त्यांची?”

“ते गेले.”

“अरेरे! कधी? ताई, कळवलं नाहीत? घरी कोणकोण असतं तुमच्या?”

ब्रेकबाईने फोन ठेवला. कितीतरी दिवसांनी ती एकटीच खदखदून हसली. मग हसू ओसरले, आणि या माणसाची हजेरी लागते, टाचणीची लागत नाही, हा विचार तिला काट्यासारखा टोचला.

घरी नवरा म्हणाला, “अगं, एक बोट तर दाबायचंय. तीन वर्षं रविवार रविवार म्हणून मला घरात एकट्यानं चहा प्यायला लावलास त्या कादंबरीपायी. आता ती पाण्यात घालणार?”

“आणि त्या तिघांना लबाड ठरवू?”

“त्यांना तू कधी पाहिलंयस तरी का?”

“नाही.”

“मग?”

“तुम्हाला पाहून लग्न केलं, अहो. त्यानं काय मोठा फरक पडला?”

नवऱ्याने चहाचा कप उचलला आणि तो समंजसपणे दुसऱ्या खोलीत गेला.

दुसऱ्या दिवशी दोन वाजता तिने तिघांना सगळे सांगितले. काहीही झाकून ठेवले नाही.

आचारीबुवा लगेच म्हणाले, “दाबा हो ताई. आम्ही खोटे तर खोटे. त्यानं काही आमची भाजी करपत नाही.”

“इस्पितळात कोण माझं पान उघडतंय?” लाँड्रीभाऊ रुळांच्या आवाजावरून ओरडले. “चादरीवरचे डाग बघून आयुष्य गेलं, आणखी एक बघू! शेवटचा भाग येऊ दे, बास.”

टाचणीने यंत्र बंद केले.

“तू सांग,” ब्रेकबाई म्हणाली.

“दाबा की,” टाचणी म्हणाली. “कादंबरी तुमची, कष्ट तुमचे. मी कोण नाही म्हणणारी? फक्त उद्यापासून मला फोन लावू नका. खोट्या बाईला कशाला वाचून दाखवायचं?”

“अगं, मी तुला खोटी म्हणते का?”

“तुम्ही नाही म्हणत. तुमचं बोट म्हणेल.” मग ती पुढे बोलली. “माझी सून वाचते माझं पान, बाई. तोंडानं कबूल करत नाही, पण वाचते. त्या घरात कपाट सासऱ्याचं, कॉट मुलाची, ओटा सुनेचा. माझं असं ते एक पान आहे. त्याच्यावर ‘बनावट’ लिहून आलं, तर मी जेवायला कोणत्या तोंडानं बसू?”

आचारीबुवांनी नळ बंद केला.

ब्रेकबाईने त्या दुपारी काही वाचले नाही. पुढचा शिकाऊ आला, पन्नाशीचे एक दंतवैद्य, आणि वळणावर गोंधळून त्यांनी गाडी थेट भिंतीकडे नेली. तिने पाय दाबला. गाडी थांबली. “थांबवायचं केव्हा हे कळलं की अर्धी गाडी आली,” ती त्यांना नेहमीच्या कोरड्या सुरात म्हणाली. मनात चाललेली वादावादीही तेथेच थांबली. कादंबरीचे अडतीस भाग तिच्या स्वतःच्या संगणकात होते. तेथून कोणी काढू शकत नव्हते. टाचणीचे नाव मात्र एकदा गेले असते तर त्याची दुसरी प्रत कोठेच नव्हती.

संध्याकाळी तिने निरोप उघडला. त्यावर दोनच बटणे होती: ‘मान्य आहे’ आणि ‘नंतर पाहू’. ‘मान्य नाही’ असे बटण करण्याची गरज कोणाला भासली नव्हती. म्हणून तिने रीतसर पत्र लिहिले. तिन्ही लेखकांनी प्रत्येक भाग पूर्ण ऐकला आहे. आपण त्याच्या साक्षीदार आहोत. या विधानाखाली आपले खरे नाव घालण्याची आपली तयारी आहे. कादंबरी काढायची असल्यास खुशाल काढावी. पत्र पाठवून ती स्वयंपाकघरात गेली, आणि नवऱ्याने न विचारता तिच्यासमोर चहाचा कप ठेवला.

एकवीस तारखेला कादंबरी मंचावरून नाहीशी झाली. मंचाच्याच नियमानुसार तिच्या कबुलीवाचून तिघांच्या पानांवर शेरा लावता आला नाही. पुसलेले अभिप्राय मात्र पुसलेलेच राहिले.

त्यानंतर टाचणीने एक गोष्ट केली, आणि ती कोणाला विचारून केली नाही. आपल्या नव्या भागाच्या शेवटी तिने एक ओळ घातली: ‘ब्रेकबाईंची कादंबरी ज्यांची अडतिसाव्या भागावर अडली आहे, त्यांनी मला नंबर पाठवावा, शुक्रवारी दोन वाजता शेवटचा भाग फोनवर होईल.’ भाऊंनी आणि बुवांनी तीच ओळ उचलली.

ब्रेकबाईला वाटले होते, येऊन येऊन चार टाळकी येतील. शुक्रवारी फोनवर माणसांची अशी दाटी झाली की बुवांना दोनदा “ज्यांच्याकडे कुकर लावलाय त्यांनी आपला आवाज बंद करा” असे खडसावावे लागले. तिने शेवटचा भाग वाचला. सावकाश, एकही ओळ न गाळता. नायिका अखेर सासरच्या घराची किल्ली परत करून निघून जाते.

वाचन संपताच एक अनोळखी बाई म्हणाली, “हे मला पटलेलं नाही. किल्ली द्यायची कशाला? घर तिचंही होतं.”

“अहो, पण सासरे गेल्यावर तिचं तिथं उरलं कोण?” दुसरे कोणीतरी.

“तिचं ती उरली ना!” टाचणी कडाडली. “बाई, किल्ली देऊ नका. ठेवा तिच्याकडे!”

वाद पेटला. गाडीच्या काचेवर दंतवैद्यांनी टकटक केली. ब्रेकबाईने हातानेच त्यांना थांबवले आणि डॅशबोर्डवरचा कागद ओढून मुद्दे टिपू लागली. कडवटपणा तिचा स्वभाव होता, तो गेला नाही. पण शेवट पुन्हा लिहावा लागणार हे तिला त्या क्षणी स्वच्छ कळले, आणि तो आपल्याला लिहिता येईल याविषयी तिला तिळमात्र शंका नव्हती.

ती कादंबरी आता पहिल्या भागापासून दुपारी फोनवर वाचली जाते. मंचाने पत्राला आजवर उत्तर दिलेले नाही.

तेव्हा वाचकांकडे मागणी अशी. कोणाचेही लेखन शेवटपर्यंत वाचल्याशिवाय किंवा ऐकल्याशिवाय त्याखाली एक अक्षरही लिहू नका. आणि तुम्ही त्या मंचाचे सभासद असाल, तर आजच मंचाला कळवा की ऐकणे हेही वाचणेच आहे, त्या चौघांचे अभिप्राय होते तेथे परत लावा.