सुरुंग काढणारे काका

"मग फुडं?" असं विचारून ते समोरच्याकडे शांतपणे बघत राहायचे. उत्तराची घाई नसायची.

हिंजवडीतल्या आमच्या कंपनीच्या गेटवर ते वॉचमन होते. कोळवणचे, फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. आम्ही त्यांना काका म्हणायचो. तुमच्याही गेटवर असं कुणी असेल. येता-जाता आपण हात दाखवतो, तेवढीच ओळख.

मुंबईवर हल्ला झाला त्या आठवड्यात चहाच्या टपरीवर आम्ही सगळेच सेनापती झालो होतो. मी तावातावानं म्हणालो, "काका, एकदाच घुसून विषय संपवायला पाहिजे."

"घुसू की. मग फुडं?"

"पुढं काय? संपलं!"

"शेजार संपतुया व्हय, साहेब?"

मग त्यांनी सांगितलं. काही वर्षांपूर्वी सगळं सैन्य सीमेवर नेऊन उभं केलं होतं, तेव्हा त्यांच्या तुकडीनं गव्हाच्या रानात सुरुंग पेरले. महिनोन् महिने युद्धाची वाट पाहिली. युद्ध झालंच नाही. हुकूम आला, सुरुंग काढा.

"पेरायला सोपं. काढताना जागा सापडंना. पावसानं माती सरकल्याली. माजा जोडीदार तितंच गेला. लढाई न होता गेला."

"मग करायचं तरी काय?"

"जागं ऱ्हायाचं. आपलं घर मजबूत ठिवायचं. बोलायचं बी. लई वर्षं. ह्यात झटपट काय न्हाई."

त्यांचा एकुलता एक मुलगाही सीमेवर आहे, हे मला त्या दिवशी कळलं. "तुम्हीच पाठवलंत?" मी विचारलं.

ते कपातल्या चहाकडे बघत म्हणाले, "जागं ऱ्हायाला कुनीतरी लागतंय."

दीड वर्षानं, भातलावणीच्या तोंडावर, पलीकडून झालेल्या गोळीबारात तो मुलगा गेला. आम्ही कंपनीच्या गाडीतून कोळवणला पोचलो, तेव्हा अंगणालगतच्या खाचरात, भातरोपांच्या वाफ्यांपर्यंत माणसं दाटली होती. शवपेटी अंगणात होती. सूनबाईंना दोघींनी धरलं होतं. एक पुढारी ओट्यावर चढून ओरडला, "एकाच्या बदल्यात दहा!" गर्दी गरजली. घोषणेत माझाही आवाज मिसळला होता.

काका पेटीजवळून उठले. त्यांनी आमच्याकडे बघून हात जोडले.

"जरा बांधावर सरा. रोपं तुडवली जात्यात."

मी खाली पाहिलं. माझे दोन्ही बूट वाफ्यात होते.