मिस्त्रीने उलटा जोडलेला काटा

बॉनेट उघडलं की वायरिंगकडे बघायच्या आधी तो मालकाकडे बघायचा. वरपासून खालपर्यंत. मग विचारायचा, "ह्यात हात कुणी घातला व्हता?" गाडी कुणाचीही असो, प्रश्न हाच, आणि उत्तराआधीच तोंडावर तुच्छता.

येरमाळ्याला हायवेच्या कडेला त्याचं पत्र्याचं दुकान होतं. जुन्या जीपांचं वायरिंग कळणारा आसपास तो एकटाच, त्यामुळे लोक निमूट ऐकून घेत. सगळे त्याला मिस्त्री म्हणत. असा कारागीर तुम्हीही पाहिला असेल. काम चोख, तोंड फाटकं.

त्याचा खरा राग फ्यूजच्या जागी भलतंच काही बसवणाऱ्यांवर. आपल्याकडे ही खोड घरोघरी. फ्यूज का उडाला हे कुणी बघत नाही. सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळून खोचायची आणि गाडी दामटायची. जवळच्याच वाशी गावच्या एका पुढाऱ्याच्या चिरंजीवांनी जीपला डझनभर दिवे लावले आणि फ्यूजच्या जागी चक्क खिळा बसवला. वायरिंग जळून धूर निघाला, तेव्हा स्वारी दुकानात. मिस्त्रीने तो खिळा चारचौघांना दाखवला आणि चिरंजीवांना म्हणाला, "तुमी बैलगाडी घ्या. बैलाला तरी अक्कल आसती."

मीही सुटलो नाही. मी निवृत्त शिक्षक, हयात लाल शाईत घालवलेली. सासऱ्यांकडून आलेल्या जुन्या जीपचा ॲमीटर बंद पडला, तो मी स्वतःच खोलून बसलो. बॅटरी भरतेय की उतरतेय हे सांगणारा तो काटा काही हलेना. शेवटी मिस्त्रीकडे गेलो. सुटलेल्या तारा बघून त्याने एवढंच विचारलं की शाळेतही असंच शिकवत होतात का. आठ दिवस मला जेवण गोड लागलं नाही.

त्याने नवा ॲमीटर बसवला. मागच्या दोन जाड तारांचे रंग विटून मातकट झालेले. प्रत्येक तार तो नाकापाशी नेऊन बघत होता.

घरी जाताना काटा पाहिला. इंजिन चालू, बॅटरी भरतेय, आणि काटा मात्र उतरल्याचं सांगतोय. दोन तारांची अदलाबदल झाली होती. खोटं कशाला सांगू, मला उकळ्या फुटल्या. या गर्विष्ठ माणसाला चारचौघांत कसं धुवायचं, त्याची वाक्यंसुद्धा मी ठरवली. मग ती नाकापाशी धरलेली तार आठवली. त्याला दिसत नव्हतं. माणसाचं सगळं नाव त्या नजरेवर उभं होतं, आणि नजरच चालली होती. मी गप्प बसलो. जीप व्यवस्थित चालत होती. आपण फार मोठ्या मनाचे आहोत असं मला वाटलं.

चैत्री यात्रेत जीप त्याच्या दुकानासमोर उभी होती, इंजिन चालूच. बार्शीकडचा एक ड्रायव्हर आत डोकावला आणि हसून मोठ्याने म्हणाला की हा काटा कुण्या शहाण्याने उलटा जोडलाय. मिस्त्री आला. जीपमध्ये चढून ॲमीटरच्या काचेला जवळजवळ नाक लावून बसला. मग माझ्याकडे वळला.

"गुरुजी, तुमाला दिसलं व्हतं का?"

"हो. त्याच दिवशी."

"मंग बोलला का न्हाईत?"

तुम्हाला वाईट वाटेल म्हणून, असं मी पुटपुटलो.

"म्या समद्यांला बोलतो, त्यांनी सुधरावं म्हणून. तुमी मला तेवढ्या लायकीचा बी धरला न्हाईत."

तारा त्याने स्वतःच बदलल्या, बोटांनी चाचपत. अर्धा तास लागला. मदत करायची माझी छाती झाली नाही. दुसऱ्या दिवसापासून दुकान बंद.

मोतीबिंदू आहे, साधं ऑपरेशन आहे, हे त्याच्या सुनेने सांगून झालं, मीही सांगून पाहिलं. तो ऐकत नाही. दिवसभर बसथांब्याच्या बाकावर बसतो. आठवड्यातून एकदा मी जीप त्याच्यासमोर उभी करतो आणि म्हणतो, चला, धाराशिवला डोळे दाखवून येऊ. तो तोंड फिरवतो. काहीतरी टाकून बोलेल, निदान माझी अक्कल काढेल, म्हणून मी इंजिन बंद करून थोडा वेळ थांबतो. मग निघतो.